टाउनस मराठी मंडळातलं सत्तांतर

मला जगात कुठेही मत नाही. भारताबाहेर राहतो म्हणून तिकडे नाही, पासपोर्ट भारताचा म्हणून इकडे नाही. २००८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये सगळे जर्मन तिच्यावर असे तावातावाने बोलायचे की ओहायो हे इथलंच, फ्रांकफुर्टच्या पुढचं एखादं गाव असावं. मीही बोलायचो. कोणाचा उपाध्यक्ष कसा चुकला, सत्ताधारी पक्षाने आठ वर्षांत काय दिवे लावले, हे मी बटाट्याच्या सॅलडवर समजावून सांगत असे. ऐकणाऱ्यांना तिथे मत नाही, सांगणाऱ्याला नाही, आणि तरी सुट्टी संपल्यावर आम्ही एकमेकांवर फुरंगटून आपापल्या जागेवर परत जायचो.

मत होतं ते एकाच ठिकाणी, आमच्या टाउनस मराठी मंडळात. टाउनस डोंगराच्या पायथ्याच्या बाड हॉम्बुर्ग, एश्बॉर्न आणि आसपासच्या गावांतले मराठी लोक, म्हणजे आम्ही जुने मेकॅनिकल इंजिनियर, नंतर आलेले आयटीवाले, आणि डार्मश्टाटच्या विद्यापीठातली कायम भुकेली मुलं. दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात निवडणूक. निवडणूक म्हणजे काय, तर जयंत उभा राहायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि जेवायला बसायचो. स्थापनेपासून अध्यक्ष तोच.

हा जयंत माझा मित्र. आम्ही दोघं एकाच वर्षी पुण्याहून इथे आलो, बाड हॉम्बुर्गला एका बेकरीच्या वरच्या खोलीत एकत्र राहिलो, पुढे लग्नं झाली, जयंताच्या सुरेखावहिनी आल्या, घरं झाली, तीही एकाच गल्लीत. माझ्या गॅरेजची किल्ली त्याच्याकडे, त्याचं गवत कापायचं मशीन कायमचं माझ्याकडे. रोज सकाळी एकाच एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, जायचो. जर्मनीत येऊन सतरा वर्षं झाली, पण ज्याच्याशी मी बिनधास्त वाटेल ते बोलू शकतो असा माणूस एकच. ऑफिसात मित्र आहेत, पण त्यांना भेटायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवावी लागते.

आणि त्याच जयंताच्या विरोधात मी उभा राहिलो. का, ते सांगतो. लोक म्हणतात तसं काही नाही.

दर वर्षी गणपतीच्या शेवटच्या दिवशी आभाराचं भाषण मी करतो. मला कोणी सांगितलेलं नाही, पण प्रथा आहे. त्या वर्षी मी चांगली तयारी केली होती. सुरुवात छान झाली, लोक रमले होते असं माझं आजही मत आहे. भाषणात मंडळाच्या वाटचालीचं तिसरं वर्ष चालू होतं, इतक्यात हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे रखवालदार, किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात येऊन उभा राहिला. जयंत स्टेजवर आला, माझ्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि म्हणाला, “पद्माकरचं उरलेलं भाषण आपण सगळ्यांनी घरी जाऊन मनातल्या मनात ऐकू या. चला, आरती!”

लोक हसले. माझी बायको संध्या हसली. माझी मुलगी उर्जा, जिला मराठीतला एकही विनोद कळत नाही म्हणून मी मंडळाच्या मराठी वर्गाला घालतो, तीसुद्धा हसली. मी टाळ्या वाजवत आरती म्हटली, आणि आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की मंडळात लोकशाही उरलेली नाही.

संध्याला मी हे जेवताना सांगितलं. एकच माणूस इतकी वर्षं अध्यक्ष, विरोधी पक्ष नाही, जाब विचारणारं कोणी नाही, हे समाजाला घातक आहे वगैरे.

“माइक काढून घेतला म्हणून?” तिने विचारलं.

“माइकचा काय संबंध? प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“अहो, हे बघा,” ती म्हणाली, “जयंतभावजी तुमचे इथले एकुलते एक मित्र आहेत. हे अध्यक्षपद मिळालं न मिळालं, ते मात्र जातील. मग तुमचं रोज ऐकून घेणार कोण? मी नाही ऐकणार, आधीच सांगून ठेवते.”

उर्जाने ताटावरून मान वर न करता सांगितलं, “पापा, दास इस्ट डोख नुअर आइन फेराइन.” म्हणजे, पपा, शेवटी एक मंडळच तर आहे. यावर मी तिला लोकशाहीबद्दल मराठीतून बरंच काही सांगितलं. तिने कानात हेडफोन घातले.

आमच्या मंडळाच्या घटनेप्रमाणे एकट्याने उभं राहता येत नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी जोडीच लागते. ही घटना, म्हणजे जर्मन कायद्याला लागते ती झाट्सुंग, मी आणि जयंतानेच लिहिली आहे. लिहिली म्हणजे उतरवली. मंडळाची नोंदणी करताना कोर्टात घटना द्यावी लागते आणि आम्हा दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जयंताच्या शेजारी ससेपालन संघाचे चिटणीस राहायचे. त्यांनी त्यांची घटना दिली. आम्ही जयंताच्या डायनिंग टेबलाशी बसून जिथे जिथे ‘ससे’ होतं तिथे ‘मराठी संस्कृती’ घातलं. हसून हसून पुरेवाट झाली होती. त्यामुळे आमच्या घटनेत आजही एक कलम आहे की मराठी संस्कृतीला दर वर्षी लस टोचून घेणं बंधनकारक आहे. कोर्टाने ते मंजूर केलं. अध्यक्षांच्या जोडीचं कलम त्या सशांचंच, आणि निवडून आलेल्या अध्यक्षाने तिथल्या तिथे, सर्वांसमोर पद स्वीकारल्याचं सांगावं, नाहीतर दुसऱ्या जोडीला विचारावं, हेही त्यांचंच. ससेवाल्यांना पूर्वी काय अनुभव आला होता कोण जाणे.

तर जोडीदार हवा होता. मी एश्बॉर्नला गेलो. तिथे आयटीवाल्यांमध्ये वैभवी नावाची एक हुशार मुलगी होती, तिशीची, मोठमोठ्या प्रोजेक्टांची मॅनेजर. तिचं मंडळावर एकच म्हणणं होतं, की आयटीवाल्यांना खुर्च्या उचलायलाच बोलावतात.

“काका, आपण जिंकू,” ती म्हणाली. तिने मला काका म्हणू नये असं मला फार वाटत होतं, पण युतीत तडजोड करावी लागते. “तुम्ही सिनियॉरिटी आणा, डेलिव्हरी मी बघते. आधी आपण सत्ताधाऱ्यांचं रिपोर्ट कार्ड काढू. ऑल द इयर्स. प्रत्येक स्लाइडवर एक फेल्युअर.”

मला कल्पना आवडली. आम्ही बसलो.

“दिवाळीला माइक बंद पडला होता ना एकदा? अख्ख्या नाटकात?” ती म्हणाली. “साउंड कोणाकडे होतं तेव्हा?”

“माझ्याकडे,” मी म्हटलं.

“ओके, ते नको. जेवण कमी पडलं ते वर्ष? त्याचं प्लॅनिंग?”

“ते… अंदाज माझा होता. पण जयंताने अध्यक्ष म्हणून तपासायला नको?”

वैभवीने माझ्याकडे बघितलं आणि ती स्लाइडही उडवली. होता होता अशी पाळी आली की मी कार्यकारिणीत नव्हतो असं एकच वर्ष सापडलं, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला होतो ते. त्या वर्षी सगळंच चांगलं झालं होतं. शेवटी आम्हाला संक्रांत मिळाली. हॉल मिळाला नाही म्हणून जयंताने एकदा संक्रांतीचं हळदीकुंकू मार्चात घेतलं होतं. त्यावर आम्ही पाच स्लाइड केल्या.

मग याहू ग्रुपवर युद्ध पेटलं. जयंताने उपाध्यक्षपदासाठी आमच्या जुन्या मंडळींतल्या दीनानाथला घेतलं. दीनानाथ समोर असला की त्याचा आवाज ऐकायला पुढे वाकावं लागतं, पण ई-मेलमध्ये तो वाघ. मी लिहिलं, ‘मंडळ हे कोणाची खाजगी मालमत्ता नाही.’ त्याने लिहिलं, ‘हे वाक्य लिहिणाऱ्यांनी मंडळाचे स्पीकर सहा महिने स्वतःच्या तळघरात ठेवले होते.’ मी लिहिलं, ‘मुद्द्यावर बोला.’ त्याने लिहिलं, ‘मुद्दा स्पीकर हाच आहे.’ हे सगळं सगळ्यांना जायचं. माझ्या लक्षात आलं नाही, पण पुण्याला माझ्या सासूबाईही त्या ग्रुपवर होत्या. त्यांनी संध्याला फोन करून विचारलं, जावईबापूंना तिकडे कामधाम नाही का.

डार्मश्टाटच्या मुलांची मतं गठ्ठ्याने होती. मी तिकडे जाऊन भविष्य, संधी, नेटवर्किंग यावर बोललो. एकाने हात वर करून विचारलं, “काका, दिवाळीला विद्यार्थ्यांना पार्सल नेता येईल का?” मी म्हटलं, येईल. पुढच्या आठवड्यात दीनानाथने गुलाबजामही कबूल केले. मी चकल्या वाढवल्या. त्या महिन्यात त्या मुलांनी दोन्ही पक्षांकडे भरपेट जेवून घेतलं. राजकारण कोणाला कळतं म्हणाल तर त्यांना.

आणि या सगळ्यात जयंत एक अक्षर लिहीत नव्हता.

त्या दिवसांत मी सकाळी मुद्दाम एक गाडी उशिरा जात होतो. एकदा चुकलं. प्लॅटफॉर्मवर तोच उभा होता, मफलर गुंडाळून, हातात ब्रेट्झेल, इथला पिळाचा खारा पाव. त्याने नेहमीसारखं अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं नाही, इतकंच मला आधी दिसलं.

“पद्या, एक विचारू?” तो म्हणाला. “तुला अध्यक्ष व्हायचं होतं?”

“जयंत, प्रश्न माझा नाही रे. प्रश्न असा आहे की संस्थेत एक…”

“व्हायचं होतं का?”

मी रुळांकडे बघत राहिलो.

“मला एकदा नुसतं म्हणाला असतास,” तो म्हणाला, “तर मी त्याच दिवशी सोडलं असतं. सुरेखा कधीची मागे लागली आहे, पुरे करा म्हणून. मी म्हणत होतो, दुसरं कोण करणार? तू तर कधी म्हणालाच नाहीस.”

“मागून मिळालं तर त्यात काय अर्थ आहे?”

“आणि हे? हे काय आहे मग? माझ्या घरात बसून चहा प्यायलास आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हुकूमशहा लिहिलंस मला.”

“तुला नाही, प्रवृत्तीला.”

“आल्झो,” तो म्हणाला. सतरा वर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाच्या त्या एका शब्दात ‘बरं तर, बोलणं संपलं’ हे सगळं असतं. गाडी आली. तो पुढच्या डब्यात चढला, मी मागच्या. मला त्या प्रवासात काय वाटलं ते सरळच सांगतो. एकटं वाटलं. ऑफिसातल्या एका साहेबाचा टोप भर मीटिंगमध्ये वाकडा झाला होता, आणि ते ज्याला सांगायचं तो माणूस चार डबे पुढे बसला होता. उतरून त्याला गाठावं, म्हणावं की चुकलं, जाऊ दे, अर्ज मागे घेतो. पण वैभवीने पोस्टर छापायला टाकली होती. आणि खरं म्हणजे पोस्टरवरचा माझा फोटो चांगला आला होता.

निवडणुकीच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कधी नव्हे एवढी गर्दी झाली. अमेरिकेचा निकाल नुकताच लागून गेला होता, लोकांना निवडणुकांची चटक लागली होती. डार्मश्टाटची मुलं रिकामे डबे घेऊनच आली होती. निवडणूक अधिकारी म्हणून आम्ही फ्राऊ वीगांड यांना बोलावलं होतं. जयंताच्या ओळखीच्या, कोर्टात संस्थांच्या नोंदणीचं काम करून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. स्वतःचं पेन आणि स्वतःचा थर्मास घेऊन आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून कामकाज जर्मनमध्ये आणि भांडण मराठीत असं ठरलं.

आधी सत्ताधाऱ्यांच्या कारभारावर चर्चा. वैभवीने पडद्यावर लाल बाण दाखवले, सगळे खाली जाणारे. संक्रांतीच्या चौथ्या स्लाइडला ती म्हणाली, “मार्चमध्ये तिळगूळ! इज धिस कल्चर?”

जयंत बसल्या जागेवरून म्हणाला, “मार्चात काय, जानेवारीत वाटला असता तरी तुम्ही लोक गोड बोलला नसता. त्याला मी काय करणार?”

हॉल हसला. दीनानाथ उठून काहीतरी म्हणाला, ते कोणालाच ऐकू आलं नाही, पण त्यात ‘स्पीकर’ हा शब्द होता. कोणीतरी ओरडलं की मराठी वर्ग कोणी सुरू केले? दुसरा ओरडला की तिथे मुलं किती येतात? तिसरी म्हणाली, माझा मुलगा जातो आणि तिथून जर्मन विनोद शिकून येतो. आवाज चढले. फ्राऊ वीगांडनी शेजारी बसलेल्या सुरेखावहिनींना हळूच विचारलं की काही अपघात झाला आहे का. सुरेखावहिनी म्हणाल्या, नाही, संस्थेच्या प्रगतीबद्दल चाललं आहे.

मग माझं भाषण. ते पूर्ण झालं. कोणीही माइक घेतला नाही. मी बदलावर बोललो, नव्या पिढीवर बोललो, खुर्चीला चिकटणाऱ्यांवर बोललो. जयंताने हाताची घडी घालून सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मधे मधे माझं त्याच्याकडे लक्ष जायचं, कारण चांगलं वाक्य आलं की त्याच्याकडे बघायची मला सवय आहे.

चिठ्ठ्या टाकून झाल्या. फ्राऊ वीगांडनी मोजल्या, परत मोजल्या, चष्मा पुसला आणि उभं राहून निकाल सांगितला. आम्ही जिंकलो होतो. थोड्याच मतांनी, पण जिंकलो. एश्बॉर्नवाले बाकं बडवायला लागले, मुलांनी डबे वाजवले. फ्राऊ वीगांडनी हात वर केला, शांतता झाली, आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नेमेन झी दी वाल आन?” निवड स्वीकारता का?

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचे लोकांनी भलतेच अर्थ काढले. आपल्याकडे मोठं पद मिळालं की कोणीही ‘हो, घेतो’ म्हणून टाकत नाही. तो उतावळेपणा झाला. माणूस उठतो, हात जोडतो, म्हणतो माझी योग्यता नाही, माझ्यापेक्षा लायक माणसं इथे बसली आहेत. मग चार लोक म्हणतात, असं कसं, तुम्हीच हवे. तो परत नाही म्हणतो. लोक हट्टाला पेटतात. मग तो नाइलाजाने, सगळ्यांच्या आग्रहाला मान देऊन, घेतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. हे आपोआप येतं.

तसा मी उठलो. हात जोडले. आणि समोर जर्मन बाई होती म्हणून जर्मनमध्ये म्हणालो, “आख नाइन, नाइन! छे, नाही! अहो, मी कुठला एवढा मोठा? इथे माझ्यापेक्षा लायक लोक आहेत. आमचे मित्र जयंत यांनी इतकी वर्षं किती सुंदर काम केलं आहे. त्यांच्यासमोर मी कोण? नाही, नाही.”

आणि मान खाली घालून आग्रहाची वाट बघत उभा राहिलो.

आग्रह आला नाही. ज्यांनी मला मतं दिली ती सगळी तरुण मंडळी. त्यांनी आताच पाऊण तास माझ्या तोंडून जयंताचा कारभार ऐकला होता आणि आता त्याच तोंडून त्याची आरती ऐकत होती. त्यांना वाटलं, काका शेवटच्या क्षणी फुटले. “काका, व्हॉट आर यू डूइंग?” वैभवी दबक्या आवाजात किंचाळली. जुन्या लोकांना कळलं होतं, पण ते जयंताचे मतदार. ते कशाला आग्रह करतील?

“गुट, ठीक आहे,” फ्राऊ वीगांड म्हणाल्या. “म्हणजे नाही.” त्यांनी तसं लिहिलं आणि लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लावल्याचा आवाज मला अजून आठवतो. जोडी एकत्रच असल्यामुळे वैभवीही गेली. फ्राऊ वीगांड जयंताकडे वळल्या. आता दुसऱ्या जोडीला विचारायचं. “आणि तुम्ही? स्वीकारता?”

जयंत उभा राहिला. त्याला फक्त ‘या’, म्हणजे हो, एवढंच म्हणायचं होतं. एवढ्या लढाईनंतर, मी त्याला जे जे म्हटलं त्यानंतर, एका शब्दात सगळं त्याच्याकडे परत जात होतं, आणि माझं हसं झालं असतं ते वेगळंच. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं त्या वेळी माझ्या तोंडाचा रंग गेला असावा, कारण तो जरासा हसला.

“त्याला परत विचारा,” तो फ्राऊ वीगांडना म्हणाला.

“घटनेत एकदाच विचारायचं लिहिलं आहे.”

“ती घटना मी आणि यानेच लिहिली आहे. त्याचं ‘नाही’ हे उत्तर नाही. आमच्याकडे पहिलं ‘नाही’ हे नम्रतेचं असतं. सतरा वर्षं मी याला विचारतो आहे. चहा? नको. जेवणार? नको नको. मी वाढतो, तो खातो. मी याचं पहिलं ‘नको’ ऐकलं असतं तर हा बेकरीच्या वरच्या खोलीतच उपाशी मेला असता. याला हे पद हवं आहे, फ्राऊ वीगांड. फार हवं आहे. विचारा.”

फ्राऊ वीगांडनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. “आणि त्याला खरंच नको असतं तेव्हा तो काय म्हणतो?”

जयंताने थोडा विचार केला. “माहीत नाही. तशी वेळ अजून आलेली नाही.”

हॉल हसून कोसळला. त्या हसण्यात उर्जाही होती, कारण या वेळी विनोद जर्मनमध्ये होता. फ्राऊ वीगांडनी पेनाचं टोपण काढलं आणि मला परत विचारलं. माझी शपथ, माझ्या तोंडून ‘आख’ निघालंच होतं.

“अहो!” मागून संध्या ओरडली. “हो म्हणा!”

“या,” मी म्हटलं.

असा मी अध्यक्ष झालो. लोकांनी हात मिळवले. वैभवीने मला हसून ‘काँग्रॅट्स’ म्हटलं आणि पुढच्या मीटिंगची तारीख दिली. मी जयंताला शोधत होतो, आभार मानायचे म्हणून. पण तो तोवर आतल्या स्वयंपाकघरात गेला होता.

जेवणाची पानं लांब टेबलांवर मांडली. वाढायला नेहमीप्रमाणे जयंत. अध्यक्ष कोणीही असो, वाढावं त्यानेच, यावर मंडळात कधी दोन पक्ष पडलेले नाहीत. सुरेखावहिनींनी क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दही, बांधून श्रीखंड केलं होतं, भलं मोठं पातेलं. तो पंगतीतून निघाला. दीनानाथ म्हणाला, “नको, नको, शुगर आहे.” जयंत म्हणाला, “आज नाही शुगर,” आणि वाढलं. वैभवी दोन्ही हातांनी ताट झाकत म्हणाली, “काका, नो, डाएट!” त्याने बोटांच्या फटीतून वाढलं. फ्राऊ वीगांड म्हणाल्या, “नाइन, डांके,” म्हणजे नको, आभारी आहे, आणि स्वतःलाच हसू आवरेना तशा ताट पुढे करून बसल्या. त्यांना दोन डाव मिळाले.

मग तो माझ्यापाशी आला.

“अध्यक्ष, तुम्हाला श्रीखंड?”

तुम्हाला. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

“नको, नको,” मी म्हटलं. नेहमीसारखंच.

“बरं,” तो म्हणाला, आणि पुढच्या ताटाकडे गेला.

मी माझ्या रिकाम्या वाटीकडे बघत बसलो. दोन्ही बाजूंनी लोक श्रीखंड-पुरी खात होते, मला काहीतरी विचारत होते, अध्यक्ष, पुढच्या वर्षी हे करायचं का, ते करायचं का. मी मान हलवत होतो. संध्याने एकदा माझ्या वाटीकडे बघितलं, एकदा पंगतीच्या टोकाला असलेल्या जयंताकडे. तिने तिच्या वाटीतलंही मला दिलं नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

शेवटी मी वाटी घेऊन उठलो. सगळ्यांच्या देखत, भर पंगतीतून, नवीन अध्यक्ष रिकामी वाटी घेऊन निघाला. जयंत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पातेलं निपटत होता.

“जयंता,” मी म्हटलं, “मला श्रीखंड हवंय.”

त्याने वर बघितलं. “आत्ता नको म्हणालास.”

“हवं होतं.”

त्याने पातेलं तिरकं केलं, कडेकडेचं सगळं डावाने ओढून आणलं आणि माझ्या वाटीत घातलं. डाव वाटीच्या काठावर दोनदा आपटला, काही राहू नये म्हणून.

“माझा राग गेलेला नाही, पद्या,” तो म्हणाला. “वाढलं म्हणजे गेला असं समजू नकोस.”

“नाही समजत,” मी म्हटलं, आणि तिथेच त्याच्यासमोर उभा राहून खाल्लं.